टेलरकाका आणि रेडिमेड

आमच्या टेलरकाकांइतका हट्टी माणूस अख्ख्या लातुरात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर दोघांनी मिळून गाव उसवून पुन्हा शिवलं असतं. वडिलांचे हे चुलतभाऊ. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. गळ्यातला टेप नुसता शोभेला. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्यांनी नजरेनंच माप घेतलेलं असे. रेडिमेडचा तर असा राग, की आत्याच्या सासरहून आलेल्या पाहुण्यांची बाही दोन बोटं लांब दिसली, तर भर पंगतीत त्यांनी ती टाचून दिली. पाहुणे बिचारे उजवा हात काकांच्या ताब्यात देऊन वरणभाताकडं बघत राहिले.

दुष्काळाच्या साली देगलूरहून बदली होऊन एक नर्सबाई समोर राहायला आल्या. नवरा वारलेला, सोबत सात वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची म्हातारी आई, जिला सगळे अव्वा म्हणत. बाईंनी काकांकडं पोलकं शिवायला टाकलं आणि आक्रीत घडलं. पहिलं घट्ट झालं, दुसरं ढगळ, आणि तिसऱ्याच्या दोन बाह्यांचं आपसात जमेना. ज्याचं माप नजरेत, त्याची नजरच बाईंपुढं वर होत नव्हती. हे सगळ्यांत आधी अव्वांना कळलं आणि त्यांनी आमच्या आजीला सांगितलं. आजी भडकली. "बायको, पोरगी, वर सासू. समदं रेडिमेडच घ्यायलास व्हय?" काकांनी मशीन थांबवलं. "त्या तिघी एकमेकीच्या मापात हायत, काकू. उसवायचं तर मला उसवावं लागंल."

लग्नाला बाईंची ना नव्हती, अव्वांची तर मुळीच नव्हती. पण पोरगी हो म्हणेल तेव्हाच, असं बाईंनी ठरवलं, आणि पोरगी न्हाई म्हणाली. झालं! दुसरा कुणी असता तर गोळ्या-बिस्किटं घेऊन तिच्यामागं लागला असता. काकांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. विहिरीवर रांग लावून त्यांच्या घागरी भरायच्या, दारात ठेवायच्या आणि मुकाट परत यायचं. दर जूनमध्ये तिचा शाळेचा झगा शिवायचा, खाली चार बोटं दाब सोडून. पोर वाढली की टाके उसवून तो खाली घ्यायचा. ती त्यांना नुसतं 'टेलर' म्हणायची. किती दिवस थांबणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दाब हाय अजून."

अशी दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला, बाजारात रेडिमेडची दुकानं निघाली, काकांची निम्मी गिऱ्हाइकं तिकडं वळली. अशात एका सकाळी ती पोरगी, आता कॉलेजात जाणारी, दुकानात आली आणि तिनं मशीनवर एक शर्ट ठेवला. रेडिमेड! मी दारातच होतो; म्हटलं, आता कात्री उडते. ती खाली बघत म्हणाली, "माझा दाब संपला आता. आईशी लग्न करताना ह्यो घाला. मापात हाय का न्हाई, ठावं न्हाई."

काकांनी अंगात घातला. बाही पार बोटांपर्यंत येत होती. "मापात हाय," ते म्हणाले, आणि रडले.

लग्न झालं. बाई पोलकी मात्र कायम दुसरीकडंच शिवून घ्यायच्या. काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा त्या मुलीनं तो शर्ट मला दाखवला. बाह्या दुमडून दुमडून घडीवर विरल्यात, पण काकांनी त्याला एक टाका घातलेला नाही.