तेल पाजलेली फळी

इथे आखातात, रिफा या श्रीमंत वस्तीतल्या कुठल्याही बँकरच्या व्हिलात जेवायला जा, सोफ्याच्या वर सोनेरी चौकटीत जपानी डोंगर टांगलेला असतोच. 'ओरिजिनल स्टाइल,' म्हणे. मशीनवर छापलेला कागद! लाकूडठशांची ही चित्रं तिकडे एकेकाळी साधी माणसं हौसेने घेऊन भिंतीला डकवत, हे या बँकरांच्या गावीही नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं? बायकोकडून ऐकलेलं.

ती अदलिया भागात एका जपानी बाईंकडे हे काम शिकायला जायची. चित्र उलटं कोरायचं, प्रत्येक रंगाला वेगळी फळी, ओल्या रंगावर कागद ठेवून पाठीवरून घासायचं. प्रदर्शनासाठी तिने मासेमारीच्या होड्या कोरायला घेतल्या. उम्म अल हस्समचा आमचा फ्लॅट लाकडाच्या कपच्यांनी भरला. पाहुणे आले की मी म्हणायचो, "जपून बसा, आमच्याकडे सुतार बसलाय." सगळे खिदळायचे. तीही हसायची.

मग एसीच्या कोरड्या हवेने मुख्य फळीला कडेला बारीक चीर गेली. ती घरी नव्हती. नव्या पोळपाटाला आई तेल पाजायची, तसं मी फळीला शेंगदाण्याचं तेल पाजलं, बोटांनी चोळचोळून. मदत म्हणून? थोडीशी. जपानी बाईंना सुचलं नाही ते मला सुचलं, ही मिजास जास्त.

दुसऱ्या दिवशी तिने शाई लावली. पाण्यातली शाई ती. तेलावर तिचे थेंब होऊन बसले. कागदावर होड्यांऐवजी काळे शिंतोडे.

"माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली.

"लाकूडच हलकं असेल. खलास, सोड आता," म्हणून मी टीव्ही लावला.

प्रदर्शन तिच्याविना झालं.

गेल्या शुक्रवारी दुपारी रिफात जेवायला होतो. यजमान म्हणाले, "काय वहिनी, सुतारकाम बंद वाटतं?" माझाच शिळा विनोद, वर दाद मागायला हा माझ्याकडे बघतोय, लाचार!

"हो, मला नाही जमत ते," ती म्हणाली. हसली नाही.

गाडीत मी सांगून टाकलं, "फळीला तेल मी लावलं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं."

सिग्नल सुटला.

"कसलं तेल?"

"शेंगदाण्याचं."

"आणि मी बाईंना सांगून आले, माझ्या हातात कलाच नाही."

घरी येताच तिने फळी काढली, पालथी घातली, मागच्या कोऱ्या बाजूवर ओलं फडकं फिरवलं. पाणी मुरलं. तेल इथवर पोचलं नव्हतं.

"या खोलीत पाय ठेवायचा नाहीस," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.