पहिल्या किटलीचा नकार

पोलादपूरच्या दूध संकलन केंद्रावर माझ्या प्रोग्रॅमचा पहिलाच दिवस. पहिल्याच किटलीला स्क्रीनवर आलं, "नमुना नाकारला."

किटली भागाबाईंची. उमरठच्या वरच्या वाडीतून पायवाट उतरून, एसटी धरून त्या सगळ्यांच्या आधी यायच्या. मॅनेजर कदमांनी किटली बाजूला सरकवली.

"भागाबाय, पानी घातलंस काय गो?"

"माज्या म्हशीच्या दुधात पानी? नाय ओ! यंत्र खोटं बोलतंय."

"कॉम्प्युटर हाय तो. खोटं कशाला बोलंल?"

रांग हसली. मीही स्क्रीनवरच विश्वास ठेवला, ते आजही टोचतं. भागाबाई किटली उचलून निघून गेल्या.

दुसरी किटली नापास, तिसरीही. चौथी खुद्द कदमांच्या घरची.

"मॅडम, तुमच्या प्रोग्रॅममध्ये घोळ हाय!" कदमांना लगेच पटलं.

घोळ होताच. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यादीतली एकेक नोंद दाखवत पुढे सरकणारं एक बोट असतं, त्याला इटरेटर म्हणतात. माझं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला हिशेबाचा तुकडा, कुठल्याही इटरेटरवर चालावं असं लिहिलेलं. ते दोन फेऱ्या मारायचं. पहिल्या फेरीत एकाच नमुन्याच्या फॅटच्या अनेक रीडिंगची सरासरी, दुसरीत त्या सरासरीच्या जवळपासची रीडिंग मोजायची. महाडच्या ऑफिसात टेस्ट करताना रीडिंग मेमरीतल्या यादीत होती; तिथलं बोट हवं तितक्या वेळा मागे नेता येतं. इथे ती थेट दूध तपासणाऱ्या मशीनच्या वायरीतून येत होती. एकदा वाचलं की गेलं. दुसऱ्या फेरीला हाती शून्य, आणि शून्य म्हणजे नाकारा.

प्रोग्रॅम तपासून मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर चकार शब्द बोलला नव्हता. 'मला पुन्हा मागे येणारंच इटरेटर हवं' ही अट मी लिहिलीच नव्हती. ती फक्त माझ्या डोक्यात होती.

दुरुस्ती सोपी निघाली. आधी रीडिंग यादीत उतरवायची, मग फेऱ्या. फंक्शनच्या तोंडाशी अटही घातली: एकदाच वाचणारं इटरेटर दिलं तर कंपाइलच होणार नाही. तेव्हा ते खटपटीचं काम होतं. पुढे भाषेतच तशी सोय आली.

दुपारी मी आणि कदम वाडीवर चढून गेलो. माझी पार दमछाक झाली. ही बाई रोज भरली किटली घेऊन उतरते! भागाबाईंनी ताक दिलं. मी माफी मागितली.

"हितं नको," त्या म्हणाल्या. "नाय म्हनलात रांगेत. हाय बी रांगेतच म्हना."

दुसऱ्या दिवशी त्यांचा नमुना पास झाला. कदम पुटपुटले, "बरोबर हाय."

"मोठ्यानं," भागाबाई म्हणाल्या.

कदम रांगेकडे वळले. "भागाबायचं दूध चोख हाय. काल चूक आमची झाली."

"माझी," मी म्हणाले. या वेळी रांग हसली नाही.

तेव्हापासून मी आधी अट लिहिते, मग फंक्शन. डोक्यातली अट कंपायलरला वाचता येत नाही, आणि तिची शिक्षा रांगेत पहिला उभा असेल त्याला होते.