लाल कल्ले

बहारीनमधल्या जिदहफ्सच्या बाजारात पंचवीस वर्षं मासळी विकणारे रत्नागिरीचे रहिमतुल्ला लेक फिजाच्या हट्टापायी इटलीतलं व्हेनिस बघायला गेले. तिच्या मोबाइलवर तिथल्या नावाजलेल्या हॉटेलांची यादी होती, पण अब्बांनी त्या यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सकाळी उठून ते मासळी बाजारात जाऊन उभे राहिले. एप्रन घातलेला एक म्हातारा प्रत्येक माशाचा कल्ला उघडून ताजेपणाची लाली तपासत होता, विकणाऱ्याशी भांडत होता. हा रांधतो कुठं, हे कळल्याशिवाय रहिमतुल्लांना चैन पडेना. गल्लीबोळांतून ते त्याच्या मागोमाग त्याच्या खानावळीपर्यंत गेले. दुपारी बापलेक तिथंच जेवले, बोटं चाटत.

बहारीनला परतल्यावर फिजानं विचारलं, "अब्बा, इथं कुठल्या हॉटेलात जायचं?"

"घरीच जेव," ते म्हणाले. "इथले हॉटेलवाले मासे माझ्याकडूनच नेतात. आजवर एकानंही कल्ला उघडून पाहिला नाही."