गार झालेले वडे

सामना एका गोलने हरून आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या मुली मैदानाच्या कडेला बसल्या होत्या. मी आणलेले वडे पिशवीतच गार होत होते. गेल्या वर्षी याच मुली सहा गोल खाऊन आल्या होत्या आणि शेवटच्या वड्यासाठी हसत भांडल्या होत्या.

"यंदा किती सुधारलात," मी म्हणालो.

"म्हणून तर त्रास होतोय, सर," बुटांच्या नाड्या सोडत कॅप्टन म्हणाली.

खरं होतं. हरण्याची सवय होती तेव्हा निदान भूक तरी लागायची. आता जिंकता येईल असं वाटू लागलंय, आणि ते वाटणंच घशात अडकतंय. पुढच्या वर्षी त्या जिंकतील, याबद्दल मला शंका नाही.

घरी येऊन पिशवी उघडली. मलाही एक वडा खाववला नाही.