शेवटच्या अक्षरापर्यंत

१२ जून १९८९. नव्या मशीनवर काय चढवायचं आणि काय टाकून द्यायचं, ते ठरवण्यासाठी जुन्या फ्लॉप्या तपासत बसले होते. दुपारी निरोप आला, बोंदरे साहेब गेले. त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली, त्यांच्या प्रोग्रामची फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी जाऊन आले.

दौलतराव बोंदरे आमच्या बियाणं तपासणीच्या कार्यालयात संगणकाचे प्रोग्राम लिहीत. मूळचे काटोलकडचे, घरची शेती. अंदाजाने काही करणं या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. एकदा वहिनींनी चिठ्ठी दिली, ‘गांधीबागेतून परकराचं कापड आणा.’ साहेब दुकानापर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

“किती मीटर ते लिवलंच नाही. मी काहून ठरवू?”

“पंचवीस वर्षं झाली लग्नाले, अन् परकराले किती कापड लागते ते माहीत नाही तुमाले?”

“माहीत नाही म्हनून त परत आलो.”

मी अठरा वर्षं टायपिस्ट होते. १९८६ साली मला संगणकावर घेतलं, ते सहा महिन्यांच्या बोलीवर. माझी जुनी जागा भरली गेली होती. इथे जमलं नाही तर थेट घरी. आणि घरात कमावती मी एकटीच.

तिसऱ्याच महिन्यात सोयाबीनच्या नमुन्यांची पास-नापास यादी काढायची होती. प्रोग्राम सुरू करायच्या आज्ञेतच, त्याच ओळीत, किमान उगवण किती टक्के हवी तेही टाइप करावं लागे. सत्तर हवी होती. आमच्या जुन्या टाइपरायटरला शून्याची कळच नव्हती, आम्ही तिथे इंग्रजी मोठा ओ मारायचो. हाताच्या सवयीने मी सात आणि ओ मारला. प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. सात वाचले, ओ सोडून दिला आणि सात टक्के उगवणारं बीसुद्धा पास करून यादी छापली.

निकालाची पाकिटं बंद होत होती, तेवढ्यात बोंदरे साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं.

“एकही नापास नाही? काय वं ताई, इतकं गुनी बी कोन्त्या वावरात पिकते?”

पाकिटं परत फोडली. अधीक्षक भडकले. “बाईंना साधं सत्तर टाइप करता येत नाही. उद्यापासून येऊ नका म्हणावं.”

“ताईनं चुकीचं टाइप केलं, खरं हाये,” बोंदरे म्हणाले. “पन ते घेतलं कोनं? माझ्या प्रोग्रामनं. अर्धं वाचून मान डोलावली त्यानं. काढाचं असन त पहिले मले काढा.”

हे त्यांनी लेखीही दिलं. मी राहिले.

मग त्यांनी तो सी भाषेतला प्रोग्राम उघडला. आज्ञेबरोबर टाइप केलेलं सगळं तोवर नुसती अक्षरं म्हणून एकाच ठिकाणी पडत असे. पुढे ज्याला हवं त्याने त्यातून आकडा काढावा, तारीख काढावी. “इतवारीच्या बाजारात तूर अन् हरभरा एका पोत्यात भरतात का?” ते म्हणाले. त्यांनी आज्ञेत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधीच लिहून ठेवला: हा आकडा, ही तारीख, हे फाइलचं नाव. प्रत्येक प्रकार वाचणारं फंक्शन वेगळं, ठेवायची जागा वेगळी. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच तारीख आकड्याच्या जागी घातली तर तो मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिथेच अडवणार. आणि टाइप करणाऱ्याचा शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा. एक अक्षर जरी उरलं, तरी थांबून विचारायचं.

“‘मले समजलं नाही’ म्हन्याले मशीननं लाजू नये, ताई. मानसानंही नाही.”

तपासायचं काम माझ्याकडे दिलं. “तुमी जितकं चुकीचं टाइप करू शकता तितकं करा.” तीन दिवस मी तेच केलं. एकतीस फेब्रुवारी घातली, फाइलच्या जागी आकडे घातले. सगळीकडे मला अडवलं गेलं. शेवटी सातशे घातले, आणि ते बिनबोभाट आत गेले.

“सातशे टक्के उगवन!” ते पोट धरून हसले. “म्या फक्त आकडा हाये का ते पाहिलं वं, किती मोठा ते नाही.” लगेच किमान-कमालची अट घातली, आणि ती कुणी सुचवली म्हणून माझं नाव प्रोग्राममध्ये लिहिलं. बोलीचे सहा महिने पुरे झाल्यावर मला कायम करायच्या कागदावर अधीक्षकांनी त्याच नावाचा हवाला दिला.

बोंदरे साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, तेरा जूनला सकाळी, नव्या मशीनबरोबर आलेला प्रोग्राम ताब्यात घ्यायचा होता. सही माझी लागणार होती. मी सात आणि ओ मारला. यादी सरसर छापून आली, एकही नापास नाही.

सहीचा कागद कोराच परत केला. पर्समधली साहेबांच्या प्रोग्रामची फ्लॉपी काढली आणि पुरवठादाराच्या माणसापुढे ठेवून म्हटलं, “आधी हे वाचा. शेवटच्या अक्षरापर्यंत.”