डोरीन प्लॅटचे राजहंस

डोरीन प्लॅटला कालव्यावर सगळे ओळखत, ते तिच्या तोंडामुळे. विटांचं घर विकून ती आणि नवरा क्लेम अरुंद, लांबलचक बोटीत राहायला आले, त्याला जमाना झाला होता. एवढ्या काळात तिने माणसं फारशी जोडली नाहीत. पाणकोंबड्या, बगळे आणि खंड्यांशी मात्र तिचं छान जमे. दर वसंतात कालव्यातल्या छोट्या बेटावर घरटं करणाऱ्या राजहंसांच्या जोडीसाठी ती कोणाशीही भांडायची. सुट्टीपुरती बोट भाड्याने घेणारे तर तिच्या डोक्यातच जात. "हळू! लाटेनं घरटं बुडेल, मेल्यांनो!" ही तिची आरोळी पुलापलीकडे ऐकू येई.

त्या सकाळी बोट एका अंगावर कलली आणि डोरीन बिछान्यातून खाली आली. बाहेर बघते तर दोन लॉकमधलं, म्हणजे कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दोन दारांमधलं, सगळं पाणी निघून गेलेलं. बेटाभोवती नुसता चिखल, कोल्ह्याला रस्ताच मोकळा. आणि शेजारी लागलेल्या भाड्याच्या बोटीवरचं एक जोडपं थेट घरट्यापाशी उभं होतं. त्यातला जाडा माणूस पायजम्यात होता आणि हातात फरशी पुसायचा मॉप होता.

"व्हा बाजूला!" डोरीन कडाडली. "खालच्या लॉकची झडप उघडी टाकून घोरत पडलात, आणि आता अंडी बघायला आलात?"

"अहो बाई, आम्ही फक्त..."

"बाई गेली खड्ड्यात! चालवता येत नाही तर बोटी घेता कशाला?"

झडप पाडून पाणी बंद करायला ती तरातरा खालच्या लॉकवर गेली. झडप फिरवायचं लोखंडी हँडल अजून जागेवरच अडकलेलं होतं. त्याच्या मुठीला तांबडी लोकर होती. क्लेमच्या दुखऱ्या बोटांसाठी ती तिनेच गुंडाळली होती.

क्लेम धापा टाकत मागे आला. "काल पाणमांजर दिसलं गं. इतकं जवळ! बघत राहिलो आणि झडप पाडायचीच राहिली."

"बघत राहिलास? आणि मी इथे साऱ्या जगाला अक्कल शिकवतेय! गाढवा, थोबाड फोडावंसं वाटतंय तुझं. आणि माझंही."

झडप पाडून ती परतली, तेव्हा जोडपं तिथेच होतं. नर राजहंसाने पंख मारून त्या माणसाचा दंड काळानिळा केला होता.

"कोल्हा पहाटे आला होता," त्याची बायको म्हणाली. "एक अंडं नेलं. मग आम्ही इथेच थांबलो."

डोरीन चिखलातून पुढे झाली. तिने मॉप हिसकावला. "जा, कोरडे कपडे घाला. झडप आमच्या ह्यानं उघडी टाकली, तुम्ही नाही." मग काठाकडे वळून ती ओरडली, "क्लेम, उतर खाली! पाणी भरेस्तोवर हलायचं नाही."

तो गुडघे धरत उतरला. नर मान ताणून डोरीनवर फुत्कारला. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "बरोबर आहे रे तुझं."