अंबूबाईंच्या दोन चुली

खानावळीचा एक किस्सा सांगायला बसावं, तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागनं तिसरा, आणि हातातला चहा गार होतो. आता विषय निघालाच आहे, तर ऐका!

सोलापुरात गिरणीच्या ऑफिसातले आम्ही चार-पाच क्लार्क रोज संध्याकाळी शुक्रवार पेठेत अंबूबाईंकडे जेवायचो. भिंतीच्या अलीकडे माळकऱ्यांची पंगत, पलीकडे आम्हा मटणवाल्यांची. चुली दोन, भांडी दोन, पळ्या दोन. बाई मात्र एकच!

मोडनिंबचा तात्या नवीन क्लार्क म्हणून आला. गळ्यात तुळशीची माळ. दारातच थबकून म्हणाला, "बाई, हितं मटण शिजतं. मी विश्वास कसा ठिवायचा?"

"ठिवू नगा की! आत या आन् बगा."

गडी खरंच आत गेला. एकूण एक पळी हुंगली, एकूण एक झाकण उघडलं. तोवर आमटी पार गार. "जरा तापवा की," तात्या म्हणाला.

"इन्स्पेक्टरला गारच मिळती!" बाई म्हणाल्या आणि वाढून मोकळ्या झाल्या.

* * *

गंमत म्हणजे बाई स्वतः माळकरी. मटण फर्मास रांधायच्या, पण जिभेला कधी लावलं नाही. मग मीठ कोण बघणार? आमचा राजाराम! ऑफिस सुटलं की पळतच यायचा. "अंदाज यीना, बाई, आजून एक फोड टाका." असा चार वाट्या अंदाज घेऊन पंगतीला बसायचा आणि वर कुरकुरायचा, "आज काय भूकच न्हाई बगा."

* * *

एकदा भरल्या वांग्यात तात्याच्या दाताखाली काहीतरी कडक आलं.

"हाड! हाड!" तात्या ओरडत उठला. सगळी माळकरी पंगत घास हातात धरून बसली. बाईंनी येऊन ताटात वाकून बघितलं. वांग्याचा देठ!

इतक्यात भिंतीपलीकडून राजारामची बोंब आली, "बाई, माज्या रश्शात वाटाणा! बाटलो की ओ मी!"

बाई हसता हसता खालीच बसल्या.

* * *

पण एक दिवस खरंच घोटाळा झाला. गर्दीत बाईंच्याच हातनं मटणाची पळी आमटीत बुडाली. कुणीही बघितलं नव्हतं. बाईंनी कपाळावर हात मारला आणि स्वतःच बाहेर येऊन सांगितलं, "माळकऱ्यांनो, आमटी बाटली. आज भाकरी, शेंगाची चटणी आन् दही."

आमटीचं अख्खं पातेलं आमच्याकडे आलं. राजाराम खूश. "बाई, रोज चुकत जावा!"

बाई गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? तात्यानं त्या दिवसापासून पळ्या हुंगायचं सोडलं. मला तर बाईंचा फार अभिमान वाटला.

* * *

तात्याचे मामा सोलापुरातलेच, म्हणजे बडं प्रस्थ. कपाळाला बुक्का, ठसठशीत माळ, कापडाचं दुकान. भाचा फुकटात दुकानावर बसावा ही त्यांची फार इच्छा. म्हणून त्यांनी मोडनिंबला निरोप धाडला, "पोरगं मटणाच्या खानावळीत बाटतंय."

झालं! तात्याची आई आली. आईनं खानावळीला नको म्हटलं की जेवण मामांकडे, मग नोकरी सुटली आणि तात्या मामांच्या गल्ल्यावर! बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

आई मामांनाही ओढून घेऊन आली. "दादा, तूबी चल. दोगं मिळून बगू."

मामा उंबऱ्याशी बसून सुरू झाले, "असल्या ठिकाणी आमी पाऊल ठिवत न्हाई! हितं कशाचा भरवसा?" बाई आपल्या भाकऱ्या थापत राहिल्या.

आईनं दोन्ही चुली बघितल्या, भांडी बघितली. "आन् पाण्याचं कसं?"

"ज्याचा त्याचा तांब्या," बाईंनी दाखवलं. "नाव कोरल्याला. ह्या फळीवर माळकऱ्यांचं, त्या फळीवर मटण खाणाऱ्यांचं. दुपारचं गिऱ्हाईक, रातचं गिऱ्हाईक, समद्यांचं हितंच."

मग त्यांनी पाहुण्यांपुढे भाकरी आणि चटणी ठेवली. मामांचं बोलणं काही थांबेना. बोलता बोलता घास घेतला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी! उठले, खोकत खोकत तडक मटणवाल्यांच्या फळीकडे गेले, मागच्या रांगेतला एक तांब्या बिनचूक काढला, माठातनं भरला, घटाघटा प्याले, आणि होता तिथंच पालथा घालून ठेवला.

आम्ही सगळे त्या तांब्याकडे बघायला लागलो.

तात्यानं, काय सुचलं कोण जाणे, तांब्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. आडनावासकट!

आई उठली. तो तांब्या हातात घेऊन उजेडाला धरला, चहूबाजूंनी फिरवून बघितला. मग बाईंकडे वळून म्हणाली,

"दादाचा तांब्या लई लखलखीत ठिवलाय की ओ बाई! माज्या पोराचाबी असाच घासत जावा."